बाबा लिफ्टनं, लेक जिन्यानं

इमारतीत कुजबुज अशी होती, की आठव्या मजल्यावरच्या लेकीचं बापाशी इतकं फाटलंय, की ती त्यांच्याबरोबर लिफ्टमध्येही उभी राहत नाही. तळमजल्यावरच्या मावशींनी हे डोळ्यांनी पाहिलेलं. आणि मावशींच्या खिडकीतून तर कोणाच्या पिशवीत काय आहे तेही सुटत नसे! बाबांची चाकांची खुर्ची लिफ्टमध्ये ढकलायची, बटण दाबायचं, आणि स्वतः जिन्यावरून धडधडत खाली.

"जागेवरून बिनसलंय," मावशी सांगत. "नाहीतर सख्ख्या बापाला असं पार्सलसारखं कोण पाठवतं?"

ती प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लावत उतरते, हे मात्र मावशींच्या खिडकीतून दिसत नव्हतं.

झालं होतं असं. नोकरी बँकेतली, पण कॉलेजात असताना हौसेनं तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे ते ओळखायचं आणि दार कधी उघडायचं ते सांगायचं. इंटरनेटवर ठेवून दिला: घ्या, वाचा, बदला, पैसे नकोत. वीज जाऊन आली की लिफ्टमधल्या पडद्यावर 'जरा दम घ्या' असं उमटायचं, तेवढाच वात्रटपणा. पुढे दूरच्या कुठल्याशा शिक्षकानं तो वाचला आणि चूक दाखवली. लिफ्ट अधेमधे असताना वीज गेली, तर प्रोग्रामला वाटतं आपण मजल्यावरच आहोत, आणि तो दार उघडतो. तिनं लगेच दुरुस्त केलं, तेही फुकट. जाता जाता तो वात्रटपणाही काढून टाकला.

मग इमारतीत नवी लिफ्ट बसली. एकदा वीज गेली, आली, आणि पडद्यावर उमटलं: जरा दम घ्या.

कंपनीनं तिची जुनी, चुकीची प्रत उचलून लिफ्ट चालवणाऱ्या यंत्राच्या पेटीत बंद केली होती आणि वर सील ठोकलं होतं.

ती सोसायटीच्या सेक्रेटरींकडे धावली.

"फुकटचं कशाला वापरतील ते? चांगले पैसे मोजलेत आपण."

"काका, ते माझंच आहे. एकदा पेटी उघडून बघू द्या."

"सील तोडलं की हमी गेली. तू देतेस हमी?"

प्रोग्रामसोबत तिनंच लिहिलं होतं, कसलीही हमी नाही.

कंपनीचा माणूस फोनवर साखरेत घोळलेला. "मॅडम, आमच्या मालात दोष नाही. आणि असलाच तर तो तुमचा, असं तुम्हीच म्हणताय ना? तेवढं लेखी द्या की."

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. बाबांना डायलिसिसला न्यावंच लागे, आणि जिन्यानं उचलून नेणं अशक्य. "माझं वजन आणि माझा स्वभाव, दोन्ही कोणाला पेलत नाहीत," असं बाबाच म्हणायचे.

एका सकाळी ती चौथ्या मजल्यावर पोहोचली आणि दिवे गेले. लिफ्टचा आवाज थांबला. दिवे आले. आणि दार उघडलं.

लिफ्टची जमीन तिच्या छातीपाशी, त्याखाली काळीकुट्ट पोकळी. कडेवर खुर्चीची पुढची चाकं, आणि ती हळूच सरकत होती.

"बाबा, ब्रेक!"

"लावतोय. ओरडू नकोस, मावशी म्हणतील पुन्हा जुंपली यांची."

ब्रेक लागेना. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीची पाय ठेवायची पट्टी धरली आणि आत रेटत तशीच उभी राहिली. गलका ऐकून सेक्रेटरी आले. त्यांनी वाकून खाली पोकळीत पाहिलं आणि भिंत धरली. मग धावत जाऊन लिफ्टचा मेन स्विच पाडला. चार जणांनी मिळून बाबांना खुर्चीसकट खाली उतरवलं.

सील त्यांनी स्वतः तोडलं. हमी गेली. पेटीत तिची दुरुस्त प्रत बसली.

"आता तरी बिनधास्त बस बाई लिफ्टमध्ये," सेक्रेटरी म्हणाले.

"आता तर जास्त भीती वाटते, काका. चुकलं तर बोट दाखवायला कंपनीसुद्धा नाही."

ती अजूनही जिन्यानंच उतरते.

भांडण कधीच नव्हतं. दोघं एकदम आत अडकले तर बाहेरून बाबांना धरायला कोणी उरणार नाही, म्हणून ती लिफ्टमध्ये बसत नाही.