पाचवं जॅकेट

“तू काढ ना फोटो,” सायली म्हणाली आणि तिचा फोन माझ्या हातात कोंबला. पाच जणींच्या अंगात तेच निळं जॅकेट. पाठीवर तेच ‘भारत’. चौघी बर्फावर गळ्यात गळे घालून उभ्या. समोर मी, फोन धरून.

“नीट काढ हं. पाय कापू नकोस.”

काढला. पाय कापले नाहीत.

खेळ कर्लिंगचा. बर्फावरून जड दगड सरकत सोडायचा, दोघींनी त्याच्यापुढं ब्रशनं बर्फ घासत पळायचं, दगड पलीकडच्या वर्तुळात थांबवायचा. आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही, म्हणूनच आम्हाला जागा मिळाली. आम्ही पाचही जणी कॅलिफोर्नियात सनीव्हेल-फ्रीमाँटकडं कोड लिहिणाऱ्या, वर्क व्हिसावरच्या. पासपोर्ट भारताचा, म्हणून आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धेत टीम भारताची. स्पर्धा इथंच, अमेरिकेत.

सायली कॅप्टन. पुण्याची. दगड सोडताना गुडघा वाकवून अशी सरकायची की बघत राहावं. मला बघवायचं नाही. खरं सांगते, पोटात दुखायचं. शेवटचा दगड नेहमी तिचा, टाळ्याही तिच्याच.

मी क्लबात आले तेव्हा तिनं विचारलं होतं, “आडनाव काय म्हणालीस?” सांगितलं. “अच्छा.” एवढंच. मग हातात ब्रश दिला. थोड्या दिवसांनी सगळ्यांसमोर म्हणाली, “हिच्यासारखं झाडायला कुणाला जमत नाही यार. नॅचरल आहे!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या आईनं नागपुरात तीस वर्षं कॉर्पोरेशनचा खराटा घेऊन रस्ते झाडले. त्या खराट्याची मला लाज नाही. माझ्या त्या हसण्याची आहे.

टीममध्ये मी पाचवी. कुणी आजारी पडलं तर खेळायचं. नाही तर एकच काम. दिवसाचे सामने संपले की दुसऱ्या दिवशीचे दगड एकेक सोडून पाहायचे. दिसतात सारखे, चालतात वेगळे. कुठला सरळ जातो, कुठला वळतो, ते वहीत लिहून सायलीला द्यायचं. मी लिहिलं, ‘सहा नंबर लबाड. अगदी शेवटी वळतो.’ रिकाम्या बर्फावर मी एकटी होते आणि दगड माझं ऐकत होते.

सहा नंबर सायलीनं शेवटाला ठेवला. त्याच दगडावर पहिला सामना जिंकलो. कॅमेरा घेऊन आलेल्या बाईनं विचारलं, हा दगड राखून ठेवायचं कसं सुचलं? सायली म्हणाली, “इन्स्टिंक्ट.” आणि लगेच तो फोटो.

फोटो नागपूरला पोचला. आईचा व्हिडिओ कॉल आला. शेजारच्या बाया जमलेल्या. आई चौघींचे चेहरे एकेक करून शोधत होती.

“यातली तू कोणती वं?”

“आई, मी फोटो काढत होते.”

“मंग तुझा कोनं काढला?”

मी कॉल बंद केला. त्या दिवशीही सामने संपल्यावर मी दगड तपासले, वहीत लिहिलं. पण झोपले नाही.

सकाळी नाश्त्याला सायलीनं हात पुढं केला. “वही दे गं.”

“नाही.”

“म्हणजे?”

“दगड मी ओळखलेत. आज मला खेळव. आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांग. आडनावासकट.”

“अगं, एवढं काय त्यात? टीमसाठीच आहे ना? हरलो तर?”

“हरलो तर पाच जणी हरू. जिंकलो की चौघीच असतात.”

तिनं मला खेळवलं नाही. वही माझ्या बॅगेत राहिली. शेवटचा दगड तिनं अंदाजानं निवडला, तो वर्तुळाबाहेर गेला. हरलो. स्पर्धेतून बाहेर. परतताना विमानात कुणी बोललं नाही माझ्याशी. गद्दार म्हणाल्या, म्हणोत बापड्या. वाईट वाटलं का? वाटलं. आतून बरंही वाटलं, लपवत नाही.

अजून जळते मी. तिच्या त्या सरकण्यावर, त्या शेवटच्या दगडावर. ही जळण मला विझवायची नाही. ऑफिसच्या आधी रोज बर्फाच्या रिंकवर जाते. ब्रश भिंतीला टेकवून ठेवते आणि दगड सोडते, शेवटचा, पुन्हा शेवटचा. पुढच्या निवडीचा फॉर्म भरलाय. जागा, कॅप्टन. आडनाव पूर्ण लिहिलंय, ठळक.

फोटो कोण काढणार, ते त्यांनी ठरवावं.