गाळातली जीप आणि कुणीच न केलेला चहा

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कुणी मला शहाणपण शिकवायला नको... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी विम्याच्या ऑफिसात गाड्यांचे क्लेम तपासते. "झाड अचानक समोर आलं" असं सहीनिशी लिहून देणारी माणसं मी रोज बघते. पांढऱ्या साडीतली बाई आडवी आली म्हणून गाडी उसात गेली, असंही एकाने लिहिलं होतं. तो कागद मी चहा पिता पिता बाजूला ठेवला होता. आता मीच असलं काहीतरी लिहायला बसलेय, तेव्हा हसायचं असेल तर हसून घ्या.

आम्ही भोरला राहतो. नवरा अविनाश, सासरे अण्णा आणि मी. अविनाशने दोन वर्षांपूर्वी जुनी फोर बाय फोर जीप घेतली आणि तेव्हापासून आमचा रविवार चिखलात जातो. सोबत त्याचा मित्र नंदू आणि नंदूची जीप. एक फसली की दुसरी ओढते, हा यांचा छंद. अण्णा रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, त्यामुळे तेही मागे उडी मारून बसतात. आणि मी जाते, कारण या तिघांना एकटं सोडायची माझी छाती होत नाही.

थट्टा नाही करत. दोर ताणला की त्यात केवढा जोर साठतो हे बघणाऱ्याला कळत नाही. दोर तुटला, किंवा ज्याला बांधलाय तेच उपटून आलं, तर मधे उभा असलेला माणूस वाचत नाही. असे कागद माझ्या टेबलावरून गेलेत, सोबतचे फोटो मी पालथे घालून ठेवले होते. म्हणून आमच्याकडे नियम आहेत. दोर फक्त चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याच्या, हुकाला. दोर तुटलाच तर उसळू नये म्हणून त्यावर ओलं पोतं. दोराच्या लांबीपेक्षा लांब सगळे उभे. आणि शिट्टी माझ्या तोंडात – ती वाजली की जागच्या जागी थांबायचं.

तर, यंदाच्या मार्चमधला रविवार. भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरात, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला. धरणाचं पाणी मागे सरकलं की तिथे काठाने गाळ उघडा पडतो, वरून भेगाळलेला आणि आतून लोणी. भर दुपारी, लख्ख उन्हात, अविनाश "इथून निघेल" म्हणाला आणि जीप चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत आत गेली.

आपल्याकडे गाडी फसली की माणसं जमतात. कुठून येतात देव जाणे! एवढा वेळ चिटपाखरू नव्हतं, आणि बघता बघता वरच्या वाडीतली दहाबारा माणसं दोराच्या दोन्ही बाजूंना उभी. मदतीलाच आलेली बिचारी, पण प्रत्येकाला दोराला हात लावायचाच होता. त्यांचे पुढारी दामूआबा.

"आबा, सगळ्यांना मागं घ्या हो. दोर सुटला तर जीव जाईल."

"वैनी, तुमी नका काळजी करू. आमी हितं ट्रॅक्टर काढतो, ट्रॅक्टर!"

आणि अण्णा? अण्णा दोराच्या बरोब्बर मधोमध, दोन्ही पायांच्या मधे दोर घेऊन, एसटी रिव्हर्स घेतल्यासारखे हातवारे करत होते. मी ओरडले, पण उपयोग काय! त्यांना ऐकू येत नाही. कानातलं मशीन खड्ड्यात उडून पडतं म्हणून ते काढून खिशात ठेवतात. मी जाऊन दंडाला धरलं आणि झाडाकडे बोट दाखवत तोंडासमोर ओरडले.

"अण्णा, लांब व्हा. तिकडे झाडाखाली जाऊन उभे राहा."

"काय? आगं, म्या वरंधा घाटातनं गाड्या काढल्यात. तू मला शिकवती व्हय?"

अण्णांना ओढून बाजूला केलं, गर्दीला मागे रेटलं, आणि दोरावर ओलं पोतं टाकून मी कडेच्या उंचवट्यावर गेले, शिट्टी दातात धरली. पहिल्या ओढीत जीप हललीही नाही. नंदू म्हणाला, थोडी गती घेऊन झटका देतो. त्याने जीप मागे घेतली, दोर सैल पडला, पोतं घसरलं, आणि तेव्हा मला पलीकडचं टोक दिसलं.

दोर हुकाला नव्हताच. आमच्या जीपच्या पुढच्या चकचकीत बंपरला होता... तो शोभेचा, बाहेरून बसवून घेतलेला.

का, ते ऐका. आदल्या दिवशी शनिवार. अण्णांनी त्या हुकाला लिंबू-मिरची बांधली होती, बिब्ब्यासकट. शनिवारचं बांधलेलं पुढच्या शनिवारपर्यंत काढायचं नसतं. अविनाशचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही, पण बापाने बांधलेलं बापासमोर कसं काढायचं? म्हणून चिरंजीवांनी लिंबू सांभाळलं आणि दोर बंपरला अडकवला. इंजिनिअरिंग कॉलेजातून फर्स्ट क्लास आहे हो.

मी जीव खाऊन शिट्टी वाजवली. नंदूच्या काचा बंद आणि आत गाणी फुल. त्याने गिअर टाकलेला मला दिसला. गर्दी पुन्हा दोरापाशी आली होती आणि अण्णा परत पायांच्या मधे दोर घेऊन मधोमध उभे होते. मी धावले असते तरी पोचले नसते.

आणि तेवढ्यात दोराच्या पलीकडून, जांभळाच्या झाडाखालून हाक आली.

"अण्णा, चहा झालाय... या. सगळेच या."

अगदी शांत, प्रेमळ. दामूआबा वळले. सगळी माणसं वळली. आणि अण्णा – ज्यांना ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही ते आमचे अण्णा – त्यांनी "आलो, आलो" म्हणत दोरावरून पाय काढला आणि झाडाकडे चालू लागले. चहाला हाक आली की आपल्याकडे माणूस हातातलं काम टाकतो, तसे सगळे एका रांगेत निघाले.

दोर ताणला. धाडकन आवाज झाला आणि बंपर उपटून सरळ हवेतून गेला. अण्णांची छाती होती त्या उंचीवरून. जाऊन नंदूच्या मागच्या स्टेपनीत घुसला.

मी तिथेच रडायला लागले. पण झाडाखाली वेगळाच गोंधळ.

"वैनी, च्या म्हनलासा आन् हितं कपबी न्हाई!" दामूआबा चिडले होते.

झाडाखाली चूल नव्हती, किटली नव्हती. एक शेळी होती. आमचा थर्मास नंदूच्या जीपमध्ये, झाकण बंद.

"मी कुठे हाक मारली?" मी विचारलं.

"मग कुनी? तुमचाच आवाज की!"

हो. माझाच आवाज होता. मीही ऐकला. पण माझ्या तोंडात शिट्टी होती हो, आणि मी उभी होते दुसऱ्या बाजूला! अविनाशने बंद जीपमध्ये ऐकला. नंदूनेही, गाण्यांच्या वरून. "ओढून झालं की जाऊ" म्हणून त्याने जीप तशीच पुढे काढली. अविनाशचं म्हणणं, "तू एवढ्या गोड आवाजात बोललीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती." त्याच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

सवयीप्रमाणे मी प्रत्येकाला वेगळं घेऊन विचारलं. शब्द तेच, दिशा तीच. ऑफिसात सगळ्यांचे जबाब इतके जुळले की आम्ही फाईल संशयितात टाकतो. पण ही फाईल कुणाविरुद्ध उघडू? माझ्याच?

अण्णांनी बंपर बघितला. आपण उभे होतो ती जागा बघितली. मग खाली वाकून स्वतःच्या हाताने लिंबू-मिरची सोडली आणि दोर हुकाला लावला. या वेळी दामूआबांनीच सगळ्यांना पार बांधापर्यंत मागे नेलं. जीप अलगद बाहेर आली. वाडीतून खरोखरचा चहा आला, तेव्हा कप हातात घेण्याआधी सगळ्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

भास म्हणावा, तर बहिऱ्या माणसाला कसा झाला? प्रतिध्वनी म्हणावा, तर न बोललेल्या शब्दाचा कसा येईल? तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, मी हात टेकलेत.

अण्णा ठणठणीत आहेत. पूर्वी चहाला पाच हाका माराव्या लागायच्या, आता पहिल्या हाकेला उठतात. उठतात, चार पावलं लांब जातात, आणि मग मागे वळून आपल्या रिकाम्या खुर्चीवर आता काय पडतंय ते बघत उभे राहतात. खरं सांगू का... हातात कप घेऊन मीही त्यांच्याबरोबर बघत थांबते.