दोन काळ्या खडकांमधला तांबडा थर

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते, आणि ‘अंतरा-ट्रॅपी थर’ हा शब्द कुणी भलत्याच ठिकाणी वापरला की माझं डोकं फिरतं. ट्रॅप म्हणजे आपल्या पायाखालचा काळा खडक, लाव्हा थिजून झालेला. एक लाव्हा आला, थंड झाला, मग पुष्कळ काळ काहीच आलं नाही. त्या मधल्या काळात वर तळी झाली, ओढे वाहिले, गाळ साचला. मग दुसरा लाव्हा आला आणि त्यानं सगळं झाकून टाकलं. असा दोन लाव्हांच्या मधे अडकलेला गाळाचा खडक, त्यालाच हे नाव. नुसती भाजून तांबडी झालेली माती मधे दिसली म्हणून लगेच तेच नाव द्यायचं नसतं. पण पोरं देतात. पोरांचं सोडा, शिकवणारेही देतात.

सासरच्या विहिरीत लागला तो थर असल्या भाजलेल्या तांबड्या मातीचाच होता. सासर जळकोटच्या पलीकडं. विहीर धाकट्या दिरांनी काढायला घेतली होती. त्या घरात मला हसवणारे ते एकटेच. मी सुट्टीला गेले की वेशीपासूनच ‘दगडाच्या बाई आल्या’ म्हणून ओरडायचे, आणि जेवताना भाताला खडा लागला तर तो माझ्या ताटाशेजारी तपासायला ठेवायचे.

उन्हाळा होता. सुरुंग लावून काळा खडक फोडत काम खाली चाललं होतं. एका सकाळी माती वर ओढणाऱ्या यारीच्या बादलीतून तांबडी माती वर आली आणि खालून माणसांनी आरोळी ठोकली, पाणी लागलं. काम करणारी माणसं वर आली. मी काठावर पालथी पडून आत पाहिलं. पुरुषभर उंचीचा तांबडा थर, त्याच्या बुडाशी पाझर, आणि ओल चढेल तशी मातीची ढलपी सुटत होती.

“भाऊजी, आता असंच कुणी उतरू नका,” मी म्हणाले. “ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुटते. वरच्या खडकाला तिचाच टेकू आहे. बाजूनं आधार देत आधी तेवढा भाग बांधून घ्या.”

पण त्या घरात विहिरीला पाणी लागलं की घरच्या माणसानं खाली उतरून त्याची ओटी भरायची, आणि त्याआधी बांधकामाचा एक दगडही लावायचा नाही, अशी रीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खण-नारळाचं ताट घेऊन आल्यासुद्धा.

“आदी पान्याचा मान, मंग दगूड,” त्या म्हणाल्या. “आपल्यात कदी उलटं झालं न्हाय.”

मी पुन्हा थांबा म्हणाले. ओरडूनच म्हणाले. दिरांनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

“वैनी, दोन मिंटाचं काम हाय. तुमच्या दगडाला म्हनावं, जरा दम धर.”

ताट घेऊन ते बादलीत उभे राहिले आणि खाली गेले. पाण्याला कुंकू वाहायला वाकले, तेवढ्यात तांबडा थर एका बाजूनं सुटला. त्याचा आवाजही झाला नाही. आवाज झाला तो मागोमाग आलेल्या काळ्या खडकाचा. त्यांना बाहेर काढेपर्यंत दिवस मावळला होता, आणि काढलं तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नव्हतं.

मला फार राग आला होता आणि तो आत्याबाईंवर होता. तेराव्याला त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देतानाही होता. घरात कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. त्यांचं जेवण तुटलं, लुगडं अंगावर ठरेना, आणि मग माझा राग कुठं गेला ते मलाही कळलं नाही. नुसतं वाईट वाटत राहिलं.

यंदा संक्रांतीला गेले होते. भोगीच्या भाजीसाठी आम्ही दोघी अंगणात हरभरा सोलत बसलो होतो.

“त्या तांबड्या मातीला तुमच्या पुस्तकात काय म्हनत्यात गं?” आत्याबाईंनी विचारलं. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी आजवर कधी काही विचारलं नव्हतं.

“अंतरा-ट्रॅपी थर.”

“त्यो पडायचाच असतोय व्हय? काय बी केलं तरी?”

त्यांना काय हवं होतं ते मला समजलं. द्यायला माझ्याजवळ तेवढंच होतं.

“पडतोच तो, आत्याबाई,” मी म्हणाले. “हा थरच तसला. आधी बांधला असता तरी बांधकामासकट आला असता. शास्त्रच आहे तसं.” आणि मी पुढंही पुष्कळ सांगितलं, लाव्हा, गाळ, दाब, सगळं. वर्गात एखाद्या पोरानं असलं काही लिहिलं असतं तर मी पेपर फाडला असता. त्या मान हलवत ऐकत होत्या. त्यांचा चेहरा जरा सैल झाल्यासारखा दिसला आणि मला बरं वाटलं.

“आसं हाय व्हय,” म्हणून त्यांनी पुढ्यातले आणखी डहाळे ओढले. सोललेल्या हरभऱ्यानं वाटी भरत आली.

मग खाली बघूनच त्यांनी विचारलं, “मंग त्या दिशी तू थांबा, थांबा म्हनून का वरडत हुतीस?”