बाबांनी फोन उचलला नाही

आई जाऊन दोन महिने झाले. बाबा पातूरला एकटेच राहतात, मी अकोल्यात. आज सकाळपासून त्यांना अकरा फोन केले, एकही उचलला नाही. शेवटी ऑफिसातून तशीच गाडी काढली. रस्ताभर डोक्यात नको नको ते येत होतं.

दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कालपासून दिसले नाई वो." आता दार तोडायचं, असं ठरलं, तेवढ्यात कडी वाजली. बाबा समोर उभे होते, डोळे सुजलेले.

"फोन काहून नाई उचलला?" मी रडत ओरडले.

"उचलून काय करू? सारे एकच विचारतात, जेवले का म्हनून. तिची आठवन येते का, हे मले कोनीच नाई विचारत."

मीही रोज फोनवर 'जेवलात का' एवढंच विचारत होते. आईचा विषय काढला तर ते कोसळतील, याची मला भीती वाटायची.

आज तिथेच उंबऱ्यावर बसून विचारलं. बाबा रडले, आणि मग दीड तास फक्त आईबद्दल बोलत राहिले.

तुमच्या घरीही असं कोणी एकटं मागे राहिलंय का? त्यांना तुम्ही फोनवर काय विचारता?