गाडीचा दम वाढवला आणि बाप उठून उभा राहिला

आधीच सांगतो, कमेंटमध्ये मला शहाणपणा शिकवायला येऊ नका. करणी, भानामती, भूतबाधा... असलं काही ऐकलं की माझं डोकं सटकतं. वसमतला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. गाडी बंद पडली तर मी स्कॅनर लावतो, लिंबू-मिरची नाही. घरात बुद्धवंदना होते, अंगारा-धुपारा आमच्याकडे कधीच नव्हता. तरीही हे लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

आम्ही जवळच्याच कुरुंद्याचे, घर तिथंच. आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, एक जुनी पिकअप आहे. डिझेल किती आणि कधी मारायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, तसल्या इंजिनची. तेरा वर्षं अण्णांनी ती एकट्यानं चालवली, मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. मी गॅरेज टाकलं त्या दिवशी चार लोकांत म्हणाले, याच्याकडं गाडी देण्यापेक्षा भंगारात दिलेली बरी. त्यानंतर आम्ही बाप-लेक फक्त मायच्या तोंडून बोलायचो.

दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी अण्णांना लकवा मारला. डावी बाजू गेली. माय त्यांचं सगळं अंथरुणातच करायची आणि हे पडल्या पडल्या तिलाच शिव्या द्यायचे. गाडी माझ्याकडं आली. खरं सांगू? मला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

गाडीत दम नव्हता. हळदीची पोती भरली की औंढ्याकडच्या चढाला रडायची. आधी मी इमानदारीनं काम केलं. नोझल साफ केले, एअर फिल्टर बदलला, हवेचा एक पाइप फाटला होता तो नवा टाकला. फरक पडला, पण थोडा. मग लॅपटॉप जोडला, कॉम्प्युटरमधली मूळ फाइल काढून ठेवली आणि वाढीव भरली... डिझेल जास्त, प्रेशर जास्त, टर्बोची हवा जास्त. आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांचं एक खूळ आहे. काळा धूर दिसल्याशिवाय गाडीत ताकद आली असं त्यांना वाटतच नाही. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हे मला चांगलं कळतं. तरी मी धूर निघेपर्यंत वाढवत गेलो. अण्णांना तेरा वर्षांत जमलं नाही ते मी एका दुपारीत केलं, हे मला त्यांना ऐकवायचं होतं. खुन्नस, दुसरं काही नाही.

तीनच्या सुमारास गाडी घरासमोर लावली आणि मुद्दाम जोरात रेस दिली.

अण्णा दारात उभे होते! काठी नाही, भिंतीचा आधार नाही. चार पावलं चालत आले आणि दीड वर्ष मेलेला तो डावा हात उचलून माझ्या थोबाडीत ठेवून दिली.

"गाडी काहून फाडून राहिला रे?"

माय उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. मी गाल धरून उभा. डॉक्टर म्हणाले, होतं कधीकधी असं, औषध लागू पडतं. मीही तेच म्हणालो. अण्णा दोन माणसांचं जेवायला लागले, शेजाऱ्याशी बांधावरून भांडून आले, मायवर पहिल्यापेक्षा दुप्पट ओरडायला लागले. बरा झालेला माणूस निदान गोड तरी होतो, हे काही झाले नाहीत.

पंधरा दिवसांनी गाडीची पीयूसी संपली. त्या धुरात सर्टिफिकेट कोण देणार? मग धंद्यात सगळे करतात तेच केलं. तेवढ्यापुरती मूळ फाइल परत भरली. अकरा वाजले होते. दहा मिनिटांनी मायचा फोन आला... अण्णा ताटावरच कलंडले, डावी बाजू पुन्हा गेली. हो, फोन आल्यावरही मी आधी पीयूसी करून घेतली. थुंका माझ्यावर. नंतर सवयीनं वाढीव फाइल भरली, तेव्हा पाऊण वाजला होता. घरी पोचलो तर अण्णा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. माय म्हणाली, पाऊणच्या सुमाराला आपोआप उठून बसले.

योगायोग म्हणाल. मीही म्हणालो. म्हणून मी तेच परत करून बघितलं, दोनदा. सख्ख्या बापावर प्रयोग! दोन्ही वेळा बराबर तसंच झालं. तिसऱ्या वेळेआधी अण्णा एकटेच एसटीनं गॅरेजवर आले आणि लॅपटॉपकडं बोट दाखवून म्हणाले, "तू त्या डबड्यात काय करतो ते मला अंगात कळतं. पुन्हा उतरवलं तर तंगडं मोडीन."

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. जुन्या इंजिनातून जास्त ताकद काढली की ती त्याच्या आयुष्यातून निघते. सहा-सात महिन्यांत गाडी ऑइल खायला लागली, एका सिलिंडरचं कंप्रेशन, म्हणजे हवा दाबून धरायची ताकद, बसलं. अण्णांना धाप लागायला लागली. इंजिन खोलून पिस्टनला नव्या रिंगा टाक म्हणाल... खोलायचं म्हणजे सगळे तुकडे टेबलावर मांडायचे. बाप घरात बसलेला असताना ते करायची हिंमत तुमच्यात असेल, माझ्यात नाही.

गेल्या मंगळवारी अण्णा पुन्हा गॅरेजवर आले. डावा पाय ओढत. टायरवर बसले, बराच वेळ धापा टाकत राहिले.

"आनखी वाढव," म्हणाले.

मी सगळं स्पष्ट सांगितलं. वाढवलं तर फार तर हा सीझन निघेल. मूळ फाइल भरली तर गाडी अजून कितीतरी वर्षं चालेल, पण तुमी पडून राहाल.

ते खाली बघत बोलले, "तुझ्या मायनं दीड वर्ष माझं हागणं-मुतणं काढलं. मला एक दिस तिच्या तोंडाकडं बघता आलं न्हाई. म्हनून शिव्या देत व्हतो. वाढव."

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा शिवी न देता बोलले होते. मी वाढवलं. अण्णांनी पाय झाडला, उठले, चावी मागून घेतली.

काल ते मायला तिच्या माहेरी घेऊन गेले. लकव्याच्या आधीपासून ती तिकडं गेली नव्हती. गाडी अण्णा चालवत होते, माय शेजारी नवं लुगडं नेसून बसली होती. तिनं मला हात केला.

हे का होतंय ते मला सांगता येत नाही. इंजिन, डॉक्टर, धर्म, सगळीकडून विचार करून थकलो. पण किती दिवस होणार, ते मला कंप्रेशन गेज लावून नेमकं सांगता येतं. मायनं विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही.