भागाअक्काने मोडलेला सौदा

भागाबाईच्या तोंडाला अमळनेरकडच्या त्या गावात पोळ्याचे बैलही बिचकत. अशी बाई एका शब्दाने गप्प झाली, हे अजून कुणाला पटत नाही.

मोडण्याचं तिला तसं नवल नव्हतं. तरणेपणी तिची काडीमोड झाली होती. पंचांनी कडब्याची काडी दोघांसमोर धरून मोडली, संसार संपला. शब्दच त्या काडीतून आलेला. पण काडी मोडली तरी बायकांच्या जिभा कुठे मोडतात? पाणवठ्यावर ती जन्मभर ‘सोडलेली’च राहिली. बापाने तेव्हा नावावर केलेलं कपाशीचं रान, तेवढंच तिचं.

त्याच रानावर गावातल्या गोडबोल्या हेमराजचा डोळा. याच्या घरी साखर विकत आणत नसावेत, जिभेवरच पिकत असणार. शेतातून सरकारी रस्ता जाणार, त्याआधी मला देऊन टाक, असं सांगून त्याने साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सही घेतली आणि विसार म्हणून दुभती म्हैस तिच्या दारात बांधली. पुढे तलाठ्याकडून कळलं, रस्ता कुठलाच नाही.

भागाबाईने अमळनेरच्या नूतन वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, खोटं सांगून केलेला करार तुम्हाला मोडता येतो. कायदा त्याला विखंडन म्हणतो. खंड म्हणजे तुकडा, त्यातून आलेला शब्द. मात्र नुसतं तोडून भागत नाही. दोघांनी घेतलेलं परत करायचं आणि आधी होते तिथे जाऊन उभं राहायचं.

“म्हंजे, जसं काही व्हयनंच नही?”

“कायद्याला तसंच.”

भागाबाई गप्प. पंचांना संसार मोडता आला होता, झालेलं पुसता आलं नव्हतं. देवळात बसावं तशी ती पदर सावरून बसली.

“म्हैस बी?” तिने हळूच विचारलं.

“म्हैस आधी, अक्का.”

गाव म्हणत होतं, खोट्याचा दंड म्हणून म्हैस ठेवून घे. ती भर दुपारी एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात दावं घेऊन निघाली. ओट्यावरून शेजारची कोकिळा म्हणाली, “खोटं तो बोलना, नि म्हैस तू देस?” भागाबाई दावं ओढत तशीच पुढे गेली. हेमराजच्या खुंट्याला म्हैस बांधली.

“ले तुनी म्हैस. सौदा मोडना.”

नोटीस वाचता वाचता हेमराजचा गोडवा आटला. त्याने निमूट साठेखत आणून दिलं. तिथून ती थेट रानात गेली आणि मातीवर तळवा टेकून कितीतरी वेळ बसली. हे रान कधी कुणाला दिलंच नव्हतं.

दिवेलागणीला घरी येते तर दावं तोडून म्हैस दारात उभी, कास तटतटलेली. एक धार काढली असती तर कोण बघत होतं? भागाबाईने चरवीला हात लावला नाही. म्हशीला थोपटत, हाकत, ती पुन्हा हेमराजच्या गल्लीकडे जवळजवळ पळतच निघाली.