कमानीपलीकडे अडकलेली बाई

सिरोंच्याच्या जुन्या इंग्रजी चर्चचं छप्पर दुरुस्त करायला मी आणि दादा गेलो होतो. मी सुतार, दादा गवंडी. बांधणाऱ्या साहेबांनी आपल्या गावाकडचं चर्च आठवूनच ते उभं केलं असावं. जाड दगडी भिंती, उंच उतरतं छप्पर, वर टोकदार आणि जेमतेम वीतभर रुंदीच्या खिडक्या. छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून बाहेरून दगडी टेकू दिलेले. गोदावरीचा पूर येऊन गेल्यावर त्यातला एक टेकू खचला होता.

आत, लोक बसतात ती मोठी खोली आणि वेदीची छोटी खोली यांच्यामध्ये, खचलेल्या टेकूच्या रेषेतच, एक भली मोठी कमान होती. त्या दुपारी मी कमानीजवळ वासा तासत होतो. मानेवर रेती पडली. वर पाहिलं तर कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड बोटभर खाली सरकलेला.

मी दादाला हाक मारली. तो आत आला, वर पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"वेदीकडं आत कोणी आहे का?"

आत बाई होती. चर्चची देखरेख करणारी म्हातारी वेदीवरचं कापड बदलत होती. तिकडचं छोटं दार कधीच दगडांनी बुजवलेलं, आणि त्या खिडक्यांतून माणूस निघणं शक्य नव्हतं. वाट एकच, कमानीखालून.

"बाई, तिथंच थांबा," दादा म्हणाला. "इकडं येऊ नका."

"काऊन, बाबू?"

"दगड सुटून राह्यला."

छपरासाठी आणलेला सागाचा खांब आम्ही कमानीखाली उभा केला. "तू धर. मी खालून पाचर ठोकतो. हलू नको."

"नाई हलत," मी म्हणालो आणि खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. दादाच्या प्रत्येक घावासरशी वरून चुना गळत होता. एक खपली खांद्यावर आदळली. मी वर पाहिलंच नाही. पलीकडे बाई तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती. घावांचा पोकळ आवाज हळूहळू भरीव झाला. खांब दगडाला घट्ट भिडला.

"या, बाई. पळू नका."

ती आली, आणि नेमकी माझ्याजवळ थांबली. पदरानं माझ्या डोळ्यांतली रेती पुसायला लागली.

"बाई, आधी बाहेर व्हा!" दादा ओरडला.

ती गेली. मग मी खांब सोडला.

बाहेर दादा पायरीवर बसला. त्याला हातातली हातोडी सोडता येईना. बोटं मी एकेक करून उघडली.

पुढे टेकूचा पाया भरून काढला, लाकडी साचा लावून कमान उतरवली आणि त्याच दगडांनी पुन्हा चढवली. पहिल्या प्रार्थनेला बाईनं आम्हा दोघांना पुढच्या बाकावर बसवलं. सगळे डोळे मिटून बसले होते. दादा तेवढा वर बघत राहिला.